डीजेची हौस : टर्नटेबल घेताना आधी मोटर पाहा, मग किंमत

कापूस विकला, तुरीचे पैसे हाती आले की घरात खर्चाची यादी निघते. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज, पोरीची फी. अलीकडे या यादीत एक नवी बाब आली आहे. घरातला पोरगा म्हणतो, "बाबा, मले डीजे शिकाचं आहे, मशीन घेऊन द्या." बाप विचारात पडतो. पैसा द्यावा तर बुडायची भीती, न द्यावा तर पोरगा नाराज. पंपसेट घेताना आपण दहा जणांना विचारतो. हे मशीन घेताना गावात विचारावे कोणाला? म्हणून शेतकरी बंधूंनो, आज हा विषय घेतला आहे.

डीजे म्हणजे काय?

आपल्याकडे डीजे म्हटले की ट्रॅक्टरवर रचलेली मोठमोठी खोकी डोळ्यांपुढे येतात. खरे पाहता डीजे म्हणजे डिस्क जॉकी, अर्थात तबकडी चालवणारा माणूस. दोन टर्नटेबलांवर दोन तबकड्या ठेवून एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात ठेका न तुटता जाणे, हे त्याचे कसब. खोकी भाड्याने मिळतात, कसब भाड्याने मिळत नाही.

या कलेचा उगमही गरिबाघरचाच. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावे म्हणून राहत्या इमारतीतच नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिचा भाऊ कूल हर्क याने तिथे टर्नटेबलांवर गाणी वाजवली. हिप-हॉप संगीताची सुरुवात तिथून मानली जाते.

पट्टा की थेट मोटर?

टर्नटेबल दोन जातींचे असते. एकात मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा थाळी फिरवतो. दुसऱ्यात थाळी थेट मोटरच्या दांड्यावर बसते. जुने पट्ट्याचे इंजिन आणि आजचा मोनोब्लॉक पंप यांत जो फरक, तोच इथे समजावा. मिक्सिंग करताना तबकडी हाताने थांबवावी, मागे ओढावी, सोडावी लागते. पट्ट्याची थाळी अशा वेळी अडखळते, पट्टा सैल पडतो. थेट मोटरची थाळी खाली फिरतच राहते आणि तबकडी सोडताच वेग धरते. म्हणून ऐकण्यासाठी पट्टा चालेल, मिक्सिंगसाठी थेट मोटरच पाहिजे.

टेक्निक्स कंपनीचे एसएल-1200 हे 1972 साली आलेले मशीन या धंद्यात नमुना मानले जाते. 2010 मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि 2016 पासून पुन्हा सुरू झाले. पण ते महाग. त्यापेक्षा कमी किमतीत ऑडिओ-टेक्निका एलपी-120 एक्स, पायोनियर डीजे पीएलएक्स-500, रीलूप आरपी-2000 ही थेट मोटरची यंत्रे येतात. उलट ऑडिओ-टेक्निकाचेच एलपी-60 एक्स स्वस्त दिसते, पण ते पट्ट्याचे आहे आणि त्याला वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी नाही. नाव तेच, काम वेगळे. बियाण्याच्या पिशवीवर आपण वाण वाचतो, तसा इथे मॉडेलचा क्रमांक वाचावा.

वेगाचा हिशेब

समजा एका गाण्यात मिनिटाला 120 ठोके आहेत, दुसऱ्यात 126. पहिले 5 टक्के वाढवले की दोन्ही जुळतात. टर्नटेबलची सरकपट्टी बहुधा 8 टक्के वर-खाली जाते, म्हणजे काम झाले. पण 100 ठोक्यांचे गाणे 120 वर न्यायला 20 टक्के लागतात, ते तिथे बसत नाही. हा हिशेब पोराला तोंडी करता आला पाहिजे.

एका मशीनवर भागत नाही

मिक्सिंगसाठी दोन टर्नटेबल, दोन वाटांचा मिक्सर, हेडफोन, सुया आणि तबकडीखाली फेल्टची चकती एवढे लागते. सुईतून येणारा आवाज अगदी क्षीण असतो, म्हणून मिक्सरला 'फोनो' सॉकेट आहे का ते पाहावे. साध्या सॉकेटात लावल्यास आवाज बारीक येतो. अर्थची तार जोडली नाही तर सारखा घूं-घूं आवाज येतो. मग मशीन खराब समजून दुकानदाराशी भांडण होते.

सगळा पैसा टर्नटेबलात घालू नये. 100 रुपयांतले 60 दोन टर्नटेबलांना, 20 मिक्सरला, 10 हेडफोनला आणि 10 सुयांसाठी राखून ठेवावेत. सुई झिजते, आणि झिजलेली सुई तबकडी खरवडते. कापसाच्या दिवसांत घरात तंतू उडतात, ते सुईवर बसतात. मऊ ब्रशने मागून पुढे झाडावे, फुंकर मारू नये.

जुने घेताना

मुंबईच्या चोरबाजारात जुनी यंत्रे मिळतात. तिथे किंवा कुठेही जुने घेताना चार गोष्टी तपासाव्या. एक, थाळीच्या कडेच्या ठिपक्यांवर मशीनचा दिवा पडतो, वेग बरोबर असेल तर ठिपके स्थिर दिसतात. दोन, सुईची दांडी हलक्या हाताने हलवावी, खडखड वाटली तर सोडून द्यावे. तीन, सरकपट्टी पूर्ण फिरवून वेग एकसारखा बदलतो का ते ऐकावे. चार, मागची पाटी वाचावी. जपानची यंत्रे 100 व्होल्टची, अमेरिकेची 120 ची. आपल्याकडे 230. सरळ लावले तर जळालेच समजा. गावातली वीज कमी-जास्त होत असल्याने स्टॅबिलायझर लावावा.

वराती वाजवायच्या असतील तर

इथे स्पष्ट सांगतो. आजची लग्नातली गाणी तबकडीवर मिळत नाहीत, ती फाइलमध्ये असतात. वरातीचे काम करायचे असेल तर लॅपटॉपला जोडायचा साधा कंट्रोलर आधी घ्यावा. त्यात दोन चकत्या आणि मिक्सर एकत्र असतात, खर्चही कमी. हात बसला, कान तयार झाला की मग टर्नटेबलचा विचार. खास संकेताच्या तबकड्या आणि सॉफ्टवेअर वापरून टर्नटेबलवरही लॅपटॉपमधली गाणी चालवता येतात. जमीन पाहून पीक, तसे काम पाहून मशीन.

आणि एक विनंती. पीककर्जाचा पैसा यात घालू नका. लग्नसराई संपली की हे काम बसते, हप्ता मात्र बसत नाही.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकार जाहीर करील त्या मोजक्या दिवशीच 12 वाजेपर्यंत सूट मिळते. 2018 च्या गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीवाल्यांना मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा दिला नव्हता. सरपंच, ग्रामसेवक व पोलीस पाटलांनी हे नियम पोरांना आधीच समजावून सांगावेत. घरी हेडफोन लावून रात्रभर सराव केला तरी शेजाऱ्याची झोप मोडत नाही. मिक्सिंग शिकायला कान लागतो, भिंती हादरवायची गरज नाही.

तेव्हा पोराने मशीन मागितले तर एकदम नाही म्हणू नका, आणि एकदम होही म्हणू नका. आधी चार महिने एखाद्या जाणत्याच्या हाताखाली पाठवा. तिथे टिकला, तर वरची यादी हातात घेऊन त्याच्यासोबत दुकानात जा.