पेट्रोलवर बहिष्कार टाकला तर दर खाली येतात का?

पेट्रोल महागलं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. अमुक तारखेला कुणीही पेट्रोल भरू नका, कंपन्यांचे कोट्यवधी बुडतील, त्या झक मारत दर कमी करतील, हा मेसेज दहा जणांना पाठवा. रोज बाईकवर कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्याला हे पटकन पटतं, कारण महिन्याच्या खर्चात पेट्रोलचा आकडा सगळ्यात जास्त टोचतो. आजच्या भागात आपण हा उपाय चालतो का ते तपासू.

एक दिवस पेट्रोल भरलं नाही तर?

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९९९ साली ३० एप्रिलला ‘गॅस आऊट’ झाला होता. तिकडे पेट्रोलला गॅसोलीन, थोडक्यात गॅस म्हणतात. त्या दिवशी कुणीही गाडीत इंधन भरू नका, असा ईमेल देशभर फिरला. तेल उत्पादक देशांच्या ‘ओपेक’ संघटनेने मार्चमध्येच उत्पादन कपात ठरवली होती, म्हणून तिकडे दर चढत होते. एका दिवसाच्या बहिष्काराने ते काही खाली आले नाहीत.

कारण अगदी साधं आहे. समजा, तुम्ही रोज ४० किलोमीटर बाईक चालवता. शुक्रवारी पेट्रोल भरलं नाहीत, पण बाईक चालवलीत. म्हणजे टाकीतलं पेट्रोल संपलंच, आणि शनिवारी तुम्ही पंपावर. आठवड्याचा खप तेवढाच राहिला, फक्त वार बदलला. कंपनीचं काय गेलं? काहीच नाही.

आपल्याकडे तर खुद्द पंपवाल्यांनीच हा प्रयोग करून बघितलाय. ३१ मे २०२२ रोजी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या पंपचालकांनी तेल कंपन्यांकडून एक दिवस माल उचलला नाही. २०१७ पासून त्यांचं कमिशन वाढलं नव्हतं. ते वाढलं थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. रोज टँकरने माल घेणाऱ्यांच्या एका दिवसाने जे हललं नाही, ते आपल्या दोन लिटरने कसं हलणार?

बरं, एकाच कंपनीला टार्गेट केलं तर?

मेसेजची दुसरी आवृत्ती जरा हुशार असते. सगळ्यांनी मिळून एकाच कंपनीचे पंप टाळा, म्हणजे ती दर पाडेल आणि बाकीच्यांनाही पाडावे लागतील.

भाजी मंडईत हे चालेल. पण भारतात दहापैकी साधारण नऊ पंप तीन सरकारी कंपन्यांचे आहेत: इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम. तिघींचे दर जवळपास सारखेच असतात. शिवाय या कंपन्या एकमेकींकडून मालही घेतात. महाराष्ट्रात इंडियन ऑइलची रिफायनरीच नाही. मुंबईत माहुलला ज्या दोन रिफायनऱ्या आहेत, त्या भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या. म्हणजे पंपावरचा बोर्ड बदलला तरी नळीतून येणारं पेट्रोल त्याच रिफायनरीचं असू शकतं.

फटका बसतो तो पंपचालकाला आणि तिथे नोजल धरून उभ्या असलेल्या पोरांना. पंपचालकाला लिटरमागे मिळतात साधारण चार रुपये. दर त्याच्या हातात नसतो. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच.

सगळ्यात मोठा ‘बहिष्कार’ होऊन गेलाय

आता म्हणाल, एक दिवस नको, महिनाभर सगळ्या देशाने पेट्रोल सोडलं तर? मंडळी, हे घडून गेलंय. एप्रिल २०२०, लॉकडाऊन. देशातला पेट्रोलचा खप आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी घसरला. एवढा कडक बहिष्कार कुठल्याही मेसेजने कधी घडवला नसता.

आणि सगळं जगच घरात बसल्यामुळे कच्चं तेल खरंच कोसळलं. जानेवारीत बॅरलला ६० डॉलरच्या वर असलेला भाव एप्रिलमध्ये २० डॉलरच्या आसपास आला. २० एप्रिलला तर अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा वायदा भाव शून्याच्याही खाली गेला. साठवायला जागा नव्हती, म्हणून तेल घेऊन जाणाऱ्यालाच पैसे द्यायची वेळ आली!

मग आपल्या पंपावर पेट्रोल स्वस्त झालं का? नाही. १७ मार्च ते ६ जून असे ८२ दिवस कंपन्यांनी दर बदललेच नाहीत. दरम्यान केंद्राने एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, मार्चमध्ये लिटरला ३ आणि मेमध्ये आणखी १० रुपयांनी वाढवलं. १९ रुपये ९८ पैशांचं शुल्क ३२ रुपये ९८ पैसे झालं. १ जूनपासून महाराष्ट्र सरकारनेही आपला कर २ रुपयांनी वाढवला. कच्चं तेल स्वस्त झाल्याचा फायदा टाकीपर्यंत आलाच नाही, वाटेत करात जिरला. महामारीत सरकारांचं बाकीचं उत्पन्न आटलं होतं हे खरं, पण आपला प्रश्न दराचा आहे. मागणी आपटूनही दर पडला नाही.

मग बहिष्कार कधीच चालत नाही का?

चालतो. मोरोक्कोचं उदाहरण बघा. एप्रिल २०१८ मध्ये तिथे सोशल मीडियावरून तीन ब्रँडवर बहिष्कार सुरू झाला: सेंट्राल दानोनचं दूध, सिदी अलीचं बाटलीतलं पाणी आणि अफ्रिकियाचे पेट्रोल पंप. तो काही महिने टिकला. दानोनची विक्री इतकी पडली की मूळ फ्रेंच कंपनीच्या प्रमुखाला मोरोक्कोत यावं लागलं आणि सप्टेंबरमध्ये दुधाच्या दरात कपात जाहीर करावी लागली. पण याची झळ शेतकऱ्यांनाही बसली. कंपनीने दूध खरेदी ३० टक्क्यांनी कमी केली आणि तिला दूध घालणारे शेतकरी होते सुमारे १ लाख २० हजार.

पेट्रोलचं काय झालं? दुधासारखा विजय तिथे मिळाला नाही. मात्र कंपन्या किती नफा घेतात यावर जोरात चर्चा सुरू झाली. पुढे चौकशी होऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाशी नऊ इंधन कंपन्यांनी तडजोड केली आणि १८४ कोटी दिरहम भरायचं कबूल केलं.

यातून काय कळतं? बहिष्कार चालायला तीन गोष्टी लागतात. एक, त्या वस्तूवाचून किंवा दुसरा ब्रँड घेऊन आपलं भागलं पाहिजे. दोन, बहिष्कार काही महिने टिकला पाहिजे. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचं नुकसान होतंय त्याच्याच हातात दर असला पाहिजे. दूध या तिन्हींत बसलं. आपलं पेट्रोल बसत नाही. पार्सल पोचवणाऱ्या पोराने महिनाभर पेट्रोल सोडायचं म्हणजे महिनाभर कमाई सोडायची.

आपल्याकडे दर खाली आले ते कशाने?

एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १२० रुपये ५१ पैसे होतं. जुलैच्या मध्यात ते १०६ रुपये ३१ पैशांवर आलं. मध्ये दोन गोष्टी घडल्या. २२ मे रोजी केंद्राने उत्पादन शुल्क ८ रुपयांनी कमी केलं आणि १५ जुलैपासून राज्याने कर कमी करून दर ५ रुपयांनी उतरवला. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्येही केंद्राने शुल्क ५ रुपयांनी घटवलं होतं, पोटनिवडणुकांचे निकाल लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि मार्च २०२४ मध्ये दर २ रुपयांनी उतरले ते लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर.

तारखा बघा आणि तुम्हीच ठरवा. दर ठरवणाऱ्यांना ग्राहकाच्या रिकाम्या टाकीपेक्षा मतदाराची नाराजी लवकर ऐकू येते.

म्हणून राग असेल तर तो योग्य पत्त्यावर पाठवा. पेट्रोल अजून जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं आणि राज्याचा व्हॅट वेगळा. मत मागायला येणाऱ्याला नेमकं विचारा: तुमच्या सरकारचा लिटरमागे कर किती, आणि तुम्ही तो किती कमी करणार? राज्याचा अर्थसंकल्प आला की व्हॅटचं काय झालं ते शोधा.

पेट्रोल कमी वापरणं चांगलंच आहे. मित्राबरोबर एका बाईकवर जा, जमेल तिथे लोकल किंवा बस धरा, टायरमधली हवा नीट ठेवा. त्याने पंपावरचा दर हलणार नाही, पण तुमच्या खिशातून जाणारी रक्कम नक्की कमी होईल. आणि ही बचत एका दिवसाची नसते, दर महिन्याची असते.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात लोकांनी एकत्र येऊन एखाद्या वस्तूचा दर खरंच खाली आणला असेल, तर तो कसा आणला ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!