कोवळ्या काँक्रीटवरचे ओझे



मी इंजिनिअर नव्हे. जे काही शिकलो ते सेंटरिंगच्या कामगारांत वावरताना आणि रात्री पुस्तके चाळताना. एका कामावर कंत्राटदाराने स्लॅबखालचे टेकू पाचव्याच दिवशी काढायला लावले आणि वर विटांचे ढीग रचले. आम्ही हरकत घेतली. स्लॅब पडला नाही, कंत्राटदार हसला. दोन वर्षांनी स्लॅब मध्यभागी झुकला, वरच्या भिंतीला तिरकी भेग गेली, आणि खापर मात्र सेंटरिंगच्या सुतारावर फुटले.

खरे कारण काय? ओझे येताच काँक्रीट किंचित दबते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तेच ओझे कायम राहिले, तर ते वर्षानुवर्षे हळूहळू दबतच राहते. यालाच ‘क्रीप’ म्हणतात. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगाने जी घट्ट वीण तयार होते, ती पहिल्या दिवसांत विरळ असते. म्हणून कोवळे काँक्रीट अधिक सरकते. भारतीय मानक ४५६ चे आकडे पाहा : ओझे ७ व्या दिवशी आले, तर क्रीपची अखेरची भर पहिल्या दबण्याच्या २.२ पट, २८ व्या दिवशी १.६ पट, वर्षानंतर १.१ पट. शिवाय कोवळेपणी ते पहिले दबणेही जास्तच असते.

मोठमोठे जाणतेही येथे फसले आहेत. फ्रान्समध्ये आलिए नदीवरील ल वर्द्र पुलाच्या कमानी १९११ साली, आधार काढल्यावर काही महिन्यांत, माथ्याशी सुमारे १३ सेंटिमीटर खचल्या. काँक्रीट असे दबत राहते, हे तेव्हाचे नियम मानीतच नव्हते. अभियंता यूजेन फ्रेसिने रात्री सायकलवरून पुलाकडे गेला, चार विश्वासू माणसांना उठवले, आणि त्या पाच जणांनी जॅक लावून कमानी पुन्हा उचलल्या.

आपल्या स्लॅबला असा जॅक कोण लावणार? म्हणून टेकूच वेळेवर काढावेत. साधे सिमेंट असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४ दिवस, असे तेच मानक सांगते. आमची मागणी लहानशी आहे : स्लॅब भरल्याची तारीख शेजारच्या खांबावर रंगाने लिहा, आणि टेकू कोणाच्या हुकमाने, कोणत्या दिवशी निघाले, याची वहीत नोंद ठेवा. मग दोन वर्षांनी भेग पडली, तर जाब सुताराला नव्हे, त्या वहीला विचारता येईल.