सातबाऱ्यावरची धावपट्टी

कल्याणहून हाजीमलंगाच्या डोंगराकडे निघालं की वाटेत नेवाळी नाका लागतो. २२ जून २०१७ रोजी हा नाका महाराष्ट्रभर माहीत झाला. नौदलाने इथल्या जमिनीभोवती भिंत घालायला घेतली होती. आसपासच्या गावांतले शेतकरी रस्त्यावर उतरले, गाड्या पेटल्या, पोलिसांनी पेलेट गन चालवल्या. त्या आठवड्यातल्या बातम्यांत एक वाक्य ओझरतं येऊन गेलं: वादातली जमीन १९४२ साली इंग्रज सरकारने लढाईच्या विमानतळासाठी घेतली होती. युद्ध संपलं की परत देण्याच्या बोलीवर ती घेतली, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. जमीन संरक्षण मंत्रालयाचीच आहे, असं सरकारचं. या दोघांत खरं कोण, ते कोर्टकचेरीचं काम. लक्षात घेण्यासारखं आहे ते वेगळंच. दुसऱ्या महायुद्धातले तळ ‘विस्मृतीत गेले’ असं आपण सहज लिहून टाकतो. नेवाळीत तर ज्या पिढीने त्या धावपट्टीवर एकही लढाऊ विमान उतरताना पाहिलं नाही, ती पिढी पंचाहत्तर वर्षांनी तिच्यासाठी अंगावर छर्रे झेलत होती. याला विस्मृती म्हणायचं तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

अशा तळांचा शोध घेणारी मंडळी जगभर आहेत आणि त्यांची वाट ठरलेली आहे. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनांच्या आणि तळांच्या रोजनिश्या आहेत. अमेरिकन हवाई दलाचे कागद अलाबामात आहेत. अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात छापलेल्या भारताच्या नकाशांवर जुनी विमानक्षेत्रं खुणेने दाखवलेली आहेत आणि ते नकाशे आज घरबसल्या पाहता येतात. त्यावरून अक्षांश-रेखांश काढायचे, उपग्रहचित्रावर जायचं. मग भातखाचरांच्या वेड्यावाकड्या बांधांमध्ये अचानक एक सरळसोट रेघ दिसते, तिला तिरकी छेदणारी दुसरी रेघ, कडेला विमानं विखरून उभी करण्यासाठी केलेली गोल वर्तुळं. बांध कधी सरळ जात नाही, धावपट्टी कधी वाकत नाही. ओळखायला एवढं पुरतं. मात्र या वाटेने गेलेल्या माणसाच्या हाती विमानाचा इतिहास लागतो, जागेचा नाही. कोणती स्क्वाड्रन कधी आली आणि कधी गेली ते कळतं. ती येण्याआधी तिथे कोणाचं शेत होतं, आणि ती गेल्यावर शेत कोणाचं झालं, हे क्यूच्या कागदांत नसतं. माझं म्हणणं असं की युद्धकालीन तळ ही आधी जमिनीच्या व्यवहाराची गोष्ट आहे, विमानांची नंतर. म्हणून शोध तलाठ्याच्या दप्तरापासून सुरू झाला पाहिजे.

हा व्यवहार झाला कसा, ते पाहू. भारत संरक्षण कायदा १९३९चा. त्याखालच्या नियमांतल्या ७५-अ या नियमाने सरकारला युद्धकार्यासाठी कुणाचीही स्थावर मालमत्ता ताब्यात घेता येत होती. हे अधिग्रहण, म्हणजे तात्पुरता ताबा. मालकी मालकाकडेच, त्याला मोबदला म्हणून भरपाई. १८९४च्या कायद्याखालचं भूसंपादन ही पूर्ण वेगळी गोष्ट, तिच्यात मालकीच जाते. कागदावर या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण ज्याच्या बांधावर एका सकाळी खुणेच्या काठ्या ठोकल्या गेल्या त्याला दोन्ही सारखीच: ‘सरकारने जमीन घेतली.’ पुढचा घोळ इथूनच सुरू होतो. जपानने १९४२ साली मार्चमध्ये रंगून घेतलं आणि हिंदुस्थानात दोनशेच्या वर विमानतळ उभारायचा कार्यक्रम घाईघाईने हाती घेतला गेला. घाई म्हणजे आधी ताबा, कागद मागाहून. युद्ध संपलं, सरकार बदललं, पण अधिग्रहणाचे अधिकार चालूच राहिले. १९५२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा आला आणि मुदतवाढी मिळत मिळत ही कथा १९८७पर्यंत लांबली. कुठल्या गटाचा ताबा परत मिळाला, कुठला रीतसर संपादित झाला आणि कुठला नुसताच ‘सरकार’ या नावाखाली पडून राहिला, हे प्रत्येक गावात, प्रत्येक सर्व्हे नंबराला वेगळं. धावपट्टीचा खरा नकाशा तो हा.

बंगालकडे पाहिलं की हे अधिक ठळक होतं. १९४४ साली अमेरिकेने आपलं नवं बी-२९ हे प्रचंड बॉम्बर विमान आशियात आणलं ते मेदिनीपूर आणि आसपासच्या माळांवर. खरगपूरच्या भोवती चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी, कलाईकुंडा असे तळ लांबवून, मजबूत करून घेतले होते. २ एप्रिल १९४४ रोजी पहिलं बी-२९ चाकुलियाला उतरलं. ५ जूनला या तळांवरून बँकॉकवर पहिला हल्ला झाला. जपानवर जायचं तर आधी हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला पेट्रोल आणि बॉम्ब न्यायचे, आणि तिथून पुढे झेप घ्यायची, अशी अचाट आणि महागडी योजना होती. वर्षभरातच हा सगळा पसारा उचलून प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांवर गेला. विमानप्रेमींच्या पुस्तकांत हे सगळं तपशिलाने सापडतं. पण याच मेदिनीपुरात १६ ऑक्टोबर १९४२ला भीषण चक्रीवादळ झालं होतं आणि १९४३ साली दुष्काळाने माणसं रस्त्यावर मरत होती, हे त्या पुस्तकांच्या समासातही नसतं. सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५च्या अहवालात याची नोंद घेतली आहे. लष्करी कामासाठी बंगालमध्ये तीस हजारांहून अधिक कुटुंबांना घर आणि जमीन सोडावी लागली, भरपाई दिली गेली, तरी यातली बरीच माणसं दुष्काळाचे बळी ठरली असावीत, असं सरकारी आयोगच म्हणतो. भरपाई रोख मिळते आणि तांदळाचा भाव महिन्यागणिक चढतो. जमीन गेलेल्या कुळाला त्या रोखीचं पुढे काय झालं असेल हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. आज कलाईकुंडा हवाई दलाकडे आहे, दुधकुंडीला बॉम्बफेकीच्या सरावाची जागा आहे, चाकुलियाची पट्टी झारखंडात ओस आहे. खरगपूरला या बॉम्बर तुकड्यांचं मुख्यालय होतं ते हिजलीच्या बंदिशाळेत, जिथे १९३१ साली दोन राजबंदी गोळीबारात मेले होते. त्याच इमारतीत १९५१ साली देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. तुरुंग, बॉम्बरांचं मुख्यालय, विद्यापीठ: वीस वर्षांत तीन अवतार, आणि त्यातला मधला सगळ्यात कमी लोकांना माहीत.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं उदाहरण नेवाळीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि ते इतकं डोळ्यांसमोर आहे की कुणी त्याला ‘अवशेष’ म्हणत नाही. ते म्हणजे उल्हासनगर. युद्धात कल्याणजवळ लष्कराची अवाढव्य ट्रान्झिट छावणी उभी राहिली, दोन हजारांवर बराकींची. मधे लांब हॉल, दोन्ही टोकांना खोल्या, असा बराकींचा ठसा. सैन्य गेलं आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळपास लाखभर निर्वासित याच बराकींत उतरवले गेले. सैनिकांना ओळीने झोपण्यासाठी बांधलेल्या हॉलमध्ये गोणपाटांचे आणि साड्यांचे पडदे टांगून कुटुंबांचे संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. नाव बदललं, बोलणं नाही. आजही तिथे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’, ‘सेक्शन’ आणि पुढे बराकीचा आकडा येतो. बराक पाडून तिथे इमारत उठलेली असते, तळमजल्यावर जीन्सची दुकानं असतात, पण रिक्षावाल्याला आकडा पुरतो. लष्कराने १९४०च्या दशकात बराकीला दिलेला क्रमांक पोस्टाच्या पाकिटावर जिवंत आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडेचीही हीच तऱ्हा. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, मुख्यतः बायका आणि मुलं. ती माणसं गेल्यावर सिंधी निर्वासित आले, आणि आज आपण कापडबाजारासाठी ज्या गांधीनगरला जातो ते त्या छावणीतूनच उभं राहिलं. पोलंडमध्ये वळिवडे हे नाव अजून प्रेमाने घेतलं जातं, २०१९ साली तिथले उपपरराष्ट्रमंत्री आणि छावणीत वाढलेली म्हातारी माणसं स्मारकासाठी इथे येऊन गेली. वस्ती टिकली तिथे आठवण टिकली. रिकामी राहिली ती जागा ‘विस्मृत’ झाली. म्हणजे विस्मृती हा मनाचा प्रश्न कमी आणि वहिवाटीचा जास्त.

यावर पहिला आक्षेप येईल तो गावाच्या आठवणीबद्दलचा, आणि तो रास्त आहे. गावकरी सांगतात त्यात धावपट्टीखालचं भुयार असतं, पुरलेलं सोनं असतं, पळून गेलेला गोरा साहेब असतो. ‘परत देण्याचं वचन’ हेही त्याच पोतडीतलं नसेल कशावरून? नसेलच असं मी म्हणणार नाही. पण हे वचन निव्वळ कल्पनेतून येण्याची गरजही नाही. अधिग्रहण ही तात्पुरतीच गोष्ट होती, कायद्यातच ती तशी होती. एखाद्या मामलेदाराने चावडीवर ‘लढाई संपेपर्यंत’ असं सांगितलं असेल तर त्याने नियमच समजावून सांगितला म्हणायचा. म्हणून आठवण आणि कागद यांना एकमेकांसमोर उभं करून तपासायचं. आठवण जागा दाखवते, कागद व्यवहाराचा प्रकार. भुयाराची गोष्ट कागदापुढे एका दिवसात विरघळते, जमिनीची विरघळत नाही. आणि कागद तरी कुठला? सातबाऱ्याचा वरचा भाग हक्काचा, खालचा पिकाचा. धावपट्टीचं काँक्रीट दोन्हीकडे डाग पाडून जातं. वर ‘इतर हक्क’ या रकान्यात सरकारी ताब्याची ओळ येते, खाली भाताच्या जागी वर्षानुवर्षं पडीक किंवा लागवडीस अयोग्य क्षेत्र लागत राहतं. शेजारच्या दहा गटांत भात, नागली, भात, आणि मधल्याच अकराव्यात काही नाही, असा सलग पट्टा पीकपाहणीत दिसला की उपग्रहाची गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. इंग्रजांच्या लढाईचं हे मोडकं सामान आपण कशाला जपायचं? इंफाळला, कोहिमाला लढाया झाल्या तिथे स्मारकं आहेत, जपानच्या मदतीने २०१९ साली इंफाळजवळ संग्रहालयही झालं, तेवढं पुरे. या आक्षेपात एक गफलत आहे. रणभूमीला पाहुणे येतात, कारण तिथे मेलेल्यांचे नातेवाईक परदेशात आहेत. तळांवर ज्यांचा घाम सांडला त्यांचे नातेवाईक शेजारच्याच गावात राहतात, त्यांच्यासाठी कुठलीही वकिलात पुष्पचक्र पाठवत नाही. त्या काळची छायाचित्रं पाहिली तर धावपट्टीवर खडी पसरताना दिसतात त्या डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, रांगेने. मागे एखादा रोड रोलर. ते काम इंग्रजांचं म्हणायचं तर मग पुण्याजवळची धरणंही इंग्रजांचीच. आसाम-मणिपूरकडे तर लोकांनी स्मारकाची वाट पाहिलीच नाही. घाईच्या धावपट्ट्यांसाठी अमेरिकन सैन्य भोकं पाडलेले पोलादी पत्रे आणत असे: दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, तीस किलोचा एक पत्रा, त्यात २९ची एक अशा तीन ओळींत ८७ भोकं, कडेला एकमेकांत अडकवायचे आकडे. सैन्य गेल्यावर हे पत्रे परसाच्या कुंपणाला लागले, ओढ्यावरचे साकव झाले. गंज चढलेली ती ८७ भोकं मोजली की पत्रा कुठून आला हे पुराव्यासह कळतं. जपणूक म्हणजे काचेची पेटीच असं नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर, आणि तो सरकारी माणूस खासगीत करतो: हे दप्तर उघडलं तर देशभर नेवाळ्या होतील. पुण्याच्या खडकवासल्याचं उदाहरण घ्या. युद्धकाळात धरणाच्या उत्तर काठावर सैन्याला समुद्रातून किनाऱ्यावर उतरायचा सराव देणारं केंद्र होतं आणि ‘अँगोस्टुरा’ नावाचं एक लुटुपुटूचं जहाजही होतं. गोड्या पाण्याच्या काठी, सह्याद्रीच्या कुशीत, समुद्राचा मागमूस नसताना! राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी ही जागा निवडताना त्या तयार केंद्राचाही विचार झाला. आता प्रबोधिनी हलवायची का? अर्थात नाही. व्यवहाराची नोंद मांडणं आणि जमीन परत करणं या दोन गोष्टी आहेत. नोंद मांडली तर काही दावे खरे ठरतील, बरेच खोटे ठरतील, आणि खोटे ठरणंही उपयोगाचंच. नेवाळीत जे पेटलं ते नोंद उघडल्यामुळे पेटलेलं नाही. एकाच जमिनीच्या दोन वेगवेगळ्या हकिकती दोन पक्ष पाऊणशे वर्षं आपापल्या घरी सांगत बसले, भिंतीचा पहिला खांब रोवला तेव्हा त्या समोरासमोर आल्या.

कागद शोधायला जाणाऱ्याने एक तयारी मात्र ठेवावी. क्यूमधली रोजनिशी बहुतेकदा टंकलिखित असते, तिची प्रत मागवता येते. तालुक्याच्या अभिलेख कक्षातला १९४२-४३चा फेरफार लाल कापडाच्या रुमालात बांधलेला असतो, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि त्या काळातल्या नोंदी मोडीतही सापडतात. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळेतून गेली, ती वाचणारे आता प्रत्येक जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके. बी-२९च्या इंजिनाची अश्वशक्ती तोंडपाठ असलेली माणसं त्यांच्याहून सहज जास्त निघतील. जुने फेरफार स्कॅन करून संगणकावर चढवायचं काम राज्यात चालू आहे, पण पानाचं छायाचित्र संगणकावर आलं तरी त्यावरची ओळ कुणीतरी वाचावी लागतेच: सर्व्हे नंबर अमुक, क्षेत्र अमुक, कब्जेदाराचं नाव कंसात, पुढे सरकारी ताब्याचा हुकूम आणि त्याची तारीख, खाली मंडल अधिकाऱ्याची सही.