कार्टिंग: आधी क्लास, मग इंजिन

कार्टिंगमध्ये उतरू पाहणारा नवखा माणूस पहिला प्रश्न हमखास इंजिनाचा विचारतो. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, केवढ्याला पडेल? प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्या आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: शर्यत कुठल्या क्लासमध्ये खेळायची? क्लास म्हणजे चालकाचं वय, इंजिन, टायर आणि किमान वजन या सगळ्यांचे नियम बांधून दिलेला गट. ज्या क्लासची शर्यत आपल्या आवाक्यातल्या ट्रॅकवर होतच नाही, त्याचं इंजिन घेतलं तर ते गॅरेजमध्येच राहतं.

नागपूरकराला हे जास्त जपावं लागतं. राष्ट्रीय पातळीवरच्या कार्टिंग शर्यती आजवर मुख्यतः बंगळूर, कोइम्बतूर, चेन्नई, हैदराबाद आणि आपल्या राज्यात कोल्हापूर, पुणे अशा ठिकाणी होत आल्या आहेत. त्यातलं हैदराबाद सर्वांत जवळचं, तरी ते 500 किलोमीटर. कोल्हापूरला जायचं तर अख्खं राज्य आडवं ओलांडायचं. बिघडलेलं इंजिन संध्याकाळी ओळखीच्या मेकॅनिककडे टाकून सकाळी परत आणू, ही सोय शर्यतीच्या गावी नसते. म्हणून इथल्या नवख्याने वेगापेक्षा आधी पाहावं ते इंजिनाचं टिकाऊपण आणि त्याचे सुटे भाग कुठे मिळतात ते.

सुरुवात फोर-स्ट्रोकपासून करावी, असं मी आग्रहाने सांगेन. मनोरंजनाच्या ट्रॅकवर तिकीट काढून चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या कार्टला बहुतेक वेळा होंडाचं जीएक्स मालिकेतलं किंवा तसंच एखादं इंजिन असतं. जीएक्स 200 हे 196 सीसीचं, साडेसहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं. पंपाला किंवा जनरेटरला जोडतात तेच हे इंजिन, आणि साधं पेट्रोल घालून ते दिवसभर कुरकुर न करता चालतं. ही ताकद कमी वाटते, पण शिकण्यासाठी तीच हवी. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात. वळणावर आतलं चाक कमी अंतर कापतं आणि बाहेरचं जास्त, पण ॲक्सल दोघांना एकाच गतीने फिरवतो. अशा वेळी आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून हलकं झालं नाही, तर कार्ट फरफटते आणि वेग मरतो. ते चाक उचलण्याचं काम स्टीअरिंग आणि शरीराचं वजन मिळून करतात. ताकदवान इंजिन वळणावर गमावलेला वेग पुढच्या सरळ रस्त्यावर भरून काढतं, त्यामुळे चालकाला आपली चूक कळतच नाही. साडेसहा हॉर्सपॉवरमध्ये ती लगेच कळते, कारण घड्याळात लॅपची वेळ वाढलेली दिसते.

लॅपच्या वेळा सातत्याने एकसारख्या येऊ लागल्या की शर्यतीच्या क्लासकडे वळावं. भारतात नवख्याला सर्वांत सहज सापडणारी वाट रोटॅक्स मॅक्सची आहे. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने 1997 मध्ये आणलेलं हे 125 सीसीचं, पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. त्याची शिडी वयाप्रमाणे चढते: साधारण आठ ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी मायक्रो मॅक्स, पुढे ज्युनियर मॅक्स, आणि पंधराच्या आसपास वय झालं की सिनियर मॅक्स. नेमक्या वयोमर्यादा त्या त्या वर्षाच्या नियमावलीतच पाहाव्यात, कारण त्या बदलतात. इंजिनाचा पाया तिन्ही ठिकाणी एकच आहे. लहान मुलांच्या इंजिनाचा श्वास मुद्दाम अडवलेला असतो, त्यामुळे मायक्रोत जेमतेम आठेक हॉर्सपॉवर मिळते. ज्युनियरमध्ये ती 23 च्या आसपास जाते आणि सिनियरमध्ये 30 पर्यंत. ज्यांनी यामाहा आरएक्स 100 चालवली आहे त्यांना अंदाज येईल: ती जवळपास 100 सीसीची मोटारसायकल 11 हॉर्सपॉवरची होती. सिनियर कार्टमध्ये तिच्या पावणेतीनपट ताकद आहे, आणि तुम्ही जमिनीपासून बोटभर उंचीवर बसलेले असता.

वयाइतकंच वजनही निर्णायक असतं. शर्यत संपली की कार्ट आणि चालक, हेल्मेट-बुटांसकट, एकत्र काट्यावर चढतात. सिनियरमध्ये ही किमान मर्यादा 160 किलोच्या आसपास असते. चालक हलका असेल तर सीटला शिशाचे तुकडे बोल्टने आवळून वजन भरावं लागतं. चालक जड असेल तर मात्र काही करता येत नाही, तो जास्तीचा भार प्रत्येक वळणावर वाहावा लागतो. 13-14 वर्षांचं मूल झपाट्याने वाढत असतं, म्हणून त्याच्यासाठी क्लास निवडताना पुढच्या हंगामात त्याचं वजन किती असेल याचा आजच अदमास घ्यावा.

रोटॅक्सची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचं सील. इंजिन अधिकृत केंद्राशिवाय कोणी उघडायचं नाही, उघडलं तर सील तुटतं आणि शर्यतीत ते चालत नाही. त्यामुळे पैसेवाल्याने आतून कोरून ताकद वाढवलेलं इंजिन आणि तुमचं इंजिन असा फरक फारसा उरत नाही. साधारण 50 तास चालल्यावर ते तपासणीला द्यायचं. इटलीच्या आयामे कंपनीचं एक्स 30 हेही 125 सीसीचं आणि तितक्याच ताकदीचं उत्तम इंजिन आहे. ज्या मालिकेत खेळायचं तिथे ते चालत असेल तरच घ्यावं. दोन गिअरचं डीडी 2 आणि सहा गिअरचं केझेड यांच्याकडे नवख्याने दोन-तीन हंगाम तरी पाहू नये.

सील इंजिनाच्या आत हात घालू देत नाही, तरी कार्ब्युरेटरचा जेट चालकाच्या हातात असतो, आणि नागपूरकराने सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा. जेट म्हणजे पेट्रोल जाण्याचं बारीक भोक पाडलेला पितळी तुकडा. हवा तापली की विरळ होते. डिसेंबरच्या सकाळी 15 अंशांत आपल्या इंजिनाला जेवढी हवा मिळते, त्यापेक्षा मे महिन्यात 45 अंशांत सुमारे दहा टक्के कमी मिळते. पेट्रोल तेवढंच राहिलं तर ते जास्त होतं, इंजिन घुटमळतं, प्लग काळा आणि ओला निघतो. मग लहान जेट घालायचा. समुद्रसपाटीपासून उंचीचाही असाच परिणाम होतो: नागपूर सुमारे 310 मीटरवर, बंगळूर 900 मीटरच्या वर. आणि हिवाळ्यात याच्या नेमकं उलट होतं, तोच धोका मोठा. उन्हाळ्यातला लहान जेट थंड, दाट हवेत तसाच ठेवला तर पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं ऑइल पेट्रोलातूनच येतं, म्हणजे ऑइलही कमी पडतं, पिस्टन तापून फुगतो आणि इंजिन सीझ होतं. म्हणून हवा बदलली की आधी मोठा जेट घालून चालवावं आणि मग हळूहळू खाली यावं.

ऑइलचं प्रमाण रोटॅक्ससाठी दोन टक्के: पाच लिटर पेट्रोलात 100 मिलिलिटर. लुना-चेतकच्या काळात पंपावर ऑइल मिसळून घेतलेल्यांना हे नवं नाही, फक्त इथे अंदाजाने ओतायचं नाही, मापाने मोजायचं. पंपावरच्या पेट्रोलात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. उरलेलं मिश्रण कॅनमध्ये पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. स्पर्धेत बहुधा आयोजकांचंच इंधन वापरावं लागतं.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोटारसायकलचं 125 सीसीचं इंजिन बसवून कार्ट बनवतात आणि त्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात. तिथे वेल्डिंगपासून ब्रेकपर्यंत सगळं शिकता येतं. पण ती कार्ट रोटॅक्सच्या शर्यतीत उतरवता येत नाही.

पहिल्या हंगामात काहीच विकत घेऊ नका, असा माझा सल्ला आहे. भारतात बरेच चालक संघाकडून कार्ट भाड्याने घेतात: चासी, इंजिन आणि मेकॅनिक संघाचे, टायर आणि मोडतोडीचा खर्च बहुधा तुमचा. कोल्हापूरला मोहिते कुटुंबाच्या ट्रॅकभोवती अशी चांगली परंपरा उभी राहिली. त्याच शहरातला कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. नागपुरातल्या पालकांना यात आणखी एक सोय आहे: कार्ट ट्रकने हलवावी लागत नाही, मूल हेल्मेट घेऊन रेल्वेने जाऊ शकतं. शर्यतीसाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा परवाना लागतो आणि अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती. हेल्मेट, सूट आणि बरगड्यांचं कवच मात्र स्वतःचं, अंगाला नीट बसणारंच घ्यावं.

पुढे वापरलेलं इंजिन घ्यायची वेळ आली, तर विक्रेत्याकडे त्याचं ओळखपत्र मागा. रोटॅक्सच्या प्रत्येक इंजिनासोबत ते येतं, त्यावर इंजिनाचा आणि सीलचा क्रमांक असतो. दोन्ही क्रमांक इंजिनावरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा, शेवटच्या तपासणीनंतर ते किती तास चाललं ते विचारा, आणि ओळखपत्र नसेल तर भाव कितीही कमी असो, व्यवहार तिथेच थांबवा.