गॅस गिझर आणि संतुलित समीकरणाचा हिशेब

बंद न्हाणीघरात गॅस गिझर सुरू ठेवून स्नान करताना गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. गॅसगळती नसतानाही असे का घडते, याचे उत्तर शालेय रसायनशास्त्रातील संतुलित समीकरणात आहे.

घरगुती गॅस म्हणजे मुख्यत्वे ब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण. तो निव्वळ ब्युटेन मानल्यास ज्वलनाचे समीकरण असे : ब्युटेनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचे १३ रेणू यांपासून कार्बन डायऑक्साइडचे ८ व पाण्याचे १० रेणू तयार होतात. दोन्ही बाजूंना कार्बनचे ८, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे २६ अणू भरतात; म्हणून समीकरण संतुलित.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे २:१३ हे गुणोत्तर थेट ग्रॅमना लावणे. ते रेणूंचे, म्हणजेच मोलचे गुणोत्तर आहे. त्यामुळे आधी ग्रॅमचे मोल करावेत, मग गुणोत्तर लावावे आणि शेवटी पुन्हा ग्रॅम काढावेत.

समजा, १०० ग्रॅम गॅस जळला. ब्युटेनचा १ मोल ५८ ग्रॅमचा. म्हणजे सुमारे १.७२ मोल. त्यासाठी ६.५ पट, म्हणजे ११.२ मोल ऑक्सिजन लागतो. ३२ ने गुणल्यास हे वस्तुमान सुमारे ३५९ ग्रॅम होते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच न्हाणीघरातील हवेत ऑक्सिजन जेमतेम २.१ किलो असतो. त्याचा सहावा हिस्सा एवढ्यातच संपतो.

ऑक्सिजन अपुरा पडला की समीकरणच बदलते. ब्युटेनच्या २ रेणूंना १३ ऐवजी ९ च रेणू मिळाल्यास कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइडचे ८ रेणू तयार होतात. हा वायू रंगहीन, गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. वरील १०० ग्रॅममधील अवघ्या ५ टक्के कार्बनचे असे रूपांतर झाले, तरी सुमारे ०.३४ मोल, म्हणजे ८ लिटर वायू निर्माण होतो. साडेसात हजार लिटरच्या खोलीत हे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक भरते आणि ते जिवावर बेतू शकते.

गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा, ही सूचना म्हणूनच केवळ औपचारिकता नव्हे. तिच्यामागे समीकरणाचा चोख हिशेब आहे.