लहान क्लाऊड सर्व्हरची मंदगती : कारणमीमांसा व उपाययोजना

प्रस्तावना :
कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयास संकेतस्थळ व मूडलसाठी १ जीबी मेमरीचा लहान क्लाऊड सर्व्हर परवडतो. अडचण येते ती प्रवेशाच्या दिवशी. अर्ज उघडत नाही आणि खेड्यातून आलेला विद्यार्थी काम न होताच परततो. मग मोठा सर्व्हर घेण्याचा प्रस्ताव पुढे येतो. तथापि निदानापूर्वी खर्च करणे इष्ट नव्हे, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

१. प्रोसेसर :
अॅमेझॉनच्या 'टी-२ मायक्रो' सर्व्हरला तासाला ६ क्रेडिट मिळतात व कमाल १४४ साठतात. एक क्रेडिट म्हणजे एका मिनिटाचे पूर्ण क्षमतेचे काम. पूर्ण भार असता तासाला ६० क्रेडिट खर्च होतात, म्हणजेच निव्वळ घट ५४ होते व भरलेला साठा २ तास ४० मिनिटांत संपतो. सकाळी दहाला सुरळीत असलेले काम पाऊण वाजण्याच्या सुमारास अडखळते, ते यामुळेच. त्यानंतर स्टँडर्ड पद्धतीत १० टक्केच क्षमता उरते. 'टॉप' या आज्ञेत 'एसटी'चा आकडा वाढलेला दिसल्यास क्रेडिटची शिल्लक तपासावी.

२. मेमरी :
उबुंटूवरील अपाचेच्या प्रीफोर्क मांडणीत एकाच वेळी १५० प्रक्रियांची मुभा असते. प्रत्येकीस ५० एमबी लागल्यास ७,५०० एमबी हवेत. आहेत सुमारे १,०००. उरलेला भार डिस्कवरील स्वॅपवर पडतो आणि सर्व्हर गुदमरतो. ही मर्यादा १० ते १२ वर आणावी. काही विद्यार्थी क्षणभर थांबतील, पण सर्वांचे काम होईल.

३. डेटाबेस :
स्वॅप वापरात नसूनही 'डब्ल्यूए'चा आकडा मोठा असल्यास मायएसक्यूएलची मंद प्रश्नांची नोंद सुरू करावी. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्स नसेल तर प्रत्येक शोधासाठी संपूर्ण तक्ता वाचला जातो.

४. अंतर :
अॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी परदेशात घेतलेला सर्व्हर अद्याप तेथेच असल्यास प्रत्येक फेरीचा विलंब टळत नाही. तो मुंबईस हलवावा.

समारोप :
आधी मोजमाप, मग एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची लेखी नोंद, हा क्रम पाळावा. एवढे करूनही क्रेडिट संपतच असतील, तरच मोठ्या सर्व्हरची मागणी करावी. तेव्हा त्या मागणीस आकड्यांचा आधार असेल.