डोंगरउतारावरचे घर

गेल्या कार्तिकात बालाघाटास एका स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. घर जुने, पुढे ओसरी, मागे विहीर. रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांच्या चिरंजीवांनी एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका पुढे ठेवली. पुण्याजवळ डोंगरउतारावर बंगल्यांची वसाहत होत आहे. हे घर विकून तिकडे बंगला घ्यावा, असा त्यांचा आग्रह. स्नेही म्हणाले, "तुमचे पुण्यास जाणेयेणे असते. तुम्हीच काय ते सांगा."

कान सोनारानेच टोचावे हे मला मान्य आहे, आणि मी पडलो गाणे शिकविणारा. परंतु लवासा मी दोनदा पाहिले आहे, एकदा पौषात आणि एकदा भर आषाढात. तेवढ्या भांडवलावर बोललो.

वरसगाव धरणाच्या काठचे हे मोसे खोरे म्हणजे बाजी पासलकरांचा मुलूख. तेथे इटलीतील पोर्टोफिनो या किनाऱ्यावरील गावाच्या धर्तीवर नगर उठविले. पौषात पाहिले तेव्हा ते मनास आवडले, हे कबूल केलेच पाहिजे. पाण्याकाठी रंगीत घरांची रांग, स्वच्छ रस्ते. मात्र नजर वर गेली की रसभंग होई. सह्याद्रीचे माथे सपाट, त्यांची कड आकाशावर सरळ उमटते. तिच्याखाली हिरव्या उतारावर तांबडा ओरखडा उठला की तो दूरवरून डोळ्यांस खुपतो. घराचा रंग बदलता येतो. तासलेला डोंगर पुन्हा भरून येत नाही.

आषाढात गटारांतून तांबडेलाल पाणी धावत होते आणि थेट जलाशयात उतरत होते. वरसगावचे पाणी पुढे खडकवासल्यास जाते, आणि तेथून पुणेकरांच्या नळास.

उतारावर घर बांधावयाचे तर आधी सपाटी हवी. म्हणून वरच्या अंगाचा डोंगर तासतात आणि निघालेला मुरूम खालच्या अंगास लोटून भराव करतात. घर अर्धे मूळ जमिनीवर, अर्धे भरावावर. वरच्या कड्याचा पायथा गेलेला, खालचा भराव पाणी पिऊन जड झालेला. त्यातून आपला दगड थराथरांचा. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा असतो आणि मुरलेले पाणी तेथून वाट काढते. आधाराची भिंत बांधली तरी तिच्यातील पाण्याची भोके वर्षानुवर्षे साफ ठेवावी लागतात. ती कोण ठेवणार, हे पुस्तिकेत छापलेले नव्हते.

स्नेही म्हणाले, "अहो, आमच्या भरवेलीस मँगनीजसाठी जमीन कापतातच की!"

"कापतात. पण खाणीच्या पायरीवर रात्री कोणी बिछाना घालीत नाही."

लवासाचा पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस देऊन काम थांबविले, जानेवारी २०११ मध्ये नरेश दयाल यांच्या समितीने पाहणी केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अटी घालून परवानगी मिळाली. बांधकाम समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर की खाली, यावर केवढा काथ्याकूट झाला! पाऊस काही ही रेषा पाहून पडत नाही. २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत तेथे दरड कोसळली आणि दोन बंगले ढिगाऱ्याखाली गेले.

एक लवासा बिघडले म्हणून डोंगरावरचे प्रत्येक घर वाईट, असे मी म्हणालो नाही. आपल्या पूर्वजांनी गड बांधलेच. पण ते कातळावर, आणि पाणी कोठून उतरते ते पाहून. पुण्याच्या टेकड्यांवर पाच फुटांस एक फुटाहून अधिक चढ असेल तर बांधू नये असा नियम आहे. पुस्तिकेतील चित्रावरून चढ किती, हे कळण्यास मार्ग नव्हता. चित्रातील झाडेही काढलेली होती.

मी चिरंजीवांना एवढेच सुचविले की, तासलेली माती कोठे टाकली ते विचारावे. त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडील गृहस्थ फार अदबीने बोलले आणि आणखी एक पुस्तिका पाठवितो म्हणाले. ओसरीवर हशा झाला. चिरंजीव मात्र हसले नाहीत. त्यांची नोकरी पुण्यास आहे, आईवडील इकडे एकटे आहेत, आणि त्यांची ओढही खोटी नव्हे.

शेवटी आषाढात स्वतः जाऊन जागा पाहावी असे ठरले. तोवर घराचा सौदा करावयाचा नाही. मलाही बरोबर चलण्याचा आग्रह आहे. छत्री घेऊन जाईन म्हणतो.